चाचा तिसऱ्या प्रवेशात मरतो

अहमदपूर,
३ ऑक्टोबर १९८२

प्रिय बिल्कीस,

सस्नेह सलाम.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी आत्ता उत्तर लिहितेय. आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच.

आम्ही आता लातूर जिल्ह्यातले झालो. ऑगस्टात मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले, एसटीच्या पाट्या रंगवल्या. आमच्या मुख्याध्यापिका कमलम्मा बाई मात्र अजून प्रत्येक कागदावर लाल शाईनं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहितात, कारण जुने पॅड संपल्याशिवाय नवे छापायचे नाहीत असा संस्थेचा हुकूम आहे. जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं इथं म्हणतात. खरीप करपला. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. शाळा सकाळचीच भरते, दुपारी मुलींना रांगेत उभं राहायचं असतं.

तरी एक चांगली बातमी आहे. जानेवारीत लातूरला नव्या जिल्ह्याची पहिली आंतरशालेय नाट्यस्पर्धा आहे आणि आमच्या कन्या शाळेचं नाटक माझ्या गळ्यात पडलंय. बी.एड.च्या गॅदरिंगमध्ये राणी होऊन मी स्टेजवरून खाली पडले होते हे इथं कुणाला माहीत नाही. तू सांगू नकोस.

मी ठरवलंय की करायचं तर कामाचं नाटक करायचं. आमच्या मुलींच्या तोंडी मुसलमानांबद्दल काय काय असतं ते ऐकलंस तर तुला भोवळ येईल. मागं एका मुलीनं मला विचारलं, "बाई, त्यांच्या घरचं पाणी प्यालं की धर्म बुडतो का?" म्हणून मी 'माणुसकीचा झरा' लिहिलंय, सोबत पाठवतेय. दुष्काळी गावात फक्त रहीमचाचाच्या विहिरीला पाणी आहे. गाव त्याला कायम तोडून बोलत आलेलं. तो मात्र सगळ्यांना विहीर खुली करतो. तिसऱ्या प्रवेशात पाटलाचं मूल विहिरीत पडतं, चाचा उडी घेतो, मूल वाचतं, चाचा मरतो. शेवटी गावातली हिंदू पोरं त्याच्या जनाज्याला खांदा देतात. लिहिताना मी स्वतः रडले गं. चाचाचं उर्दू तेवढं तपासून दे.

दहावीतली खैरून हल्ली शाळेत येत नाही. दुष्काळ आहे, घरोघरी हेच चाललंय. तिला चाचाचं काम द्यावं म्हणते, म्हणजे ती परत येईल.

तुझी,
पंचशीला


नांदेड,
१४ ऑक्टोबर १९८२

पंचू,

जय भीम.

शिव्या देऊन झाल्या. अम्मीनंही दोन दिल्या, त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत.

तुझं नाटक दोनदा वाचलं, एकदा चुलीपुढं आणि एकदा नववी 'ब'च्या मुली निबंध लिहीत होत्या तेव्हा. उर्दू दुरुस्त करून पाठवतेय. तुझा चाचा 'अल्लाह तुम्हारा भला करे' हे सात वेळा म्हणतो. आमच्या मोहल्ल्यातला कुठलाही म्हातारा दिवसभरात हे एकदासुद्धा म्हणत नाही. तो म्हणतो, "नल आया क्या रे? मेरी बाल्टी कौन सरकाया?"

आता खरं विचारते, रागावू नकोस. किंवा रागाव, काय फरक पडतो. चाचा तिसऱ्या प्रवेशात मरतो का गं?

मी बसून आठवलं. गेल्या दहा वर्षांत शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला मी जे चांगले मुसलमान पाहिले त्यात एक फौजी होता, एक पोस्टमन, एक टांगेवाला आणि एक फकीर. सगळे मेले. फकीर तर दोन वेगवेगळ्या शाळांत दोनदा मेला. वाईट मुसलमान मात्र शेवटपर्यंत जिवंत असतो, कारण त्याला हरवायचं असतं. आम्ही पाणी द्यायचं, तुमचं पोर वाचवायचं आणि लगेच मरून जायचं, तेव्हा कुठं तुम्ही आम्हाला पास करणार. ज्याच्या विहिरीला थेंब नाही, जो टँकरपाशी कचाकचा भांडतो, ज्याला त्याची बायको जुमानत नाही, असा एखादा साधा मुसलमान तुझ्या नाटकात का नाही? तो जगला तर तुमच्या टाळ्या कमी होतील का?

मी तुझ्यावर नाही चिडले, म्हणजे तुझ्यावरच चिडलेय. उर्दू शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवतेय, आणि अजूनही नवा माणूस भेटला की म्हणतो, "बाई, तुमचं मराठी किती छान आहे!" मी नांदेडात जन्मले, मराठी छान नसायला काय झालं? या 'छान'चा मला कंटाळा आलाय आणि तुझा चाचा त्याच 'छान'चा सख्खा भाऊ आहे.

दुसरं, खैरूनबद्दल. जूनमध्ये तू तिच्यावर दोन पानं लिहिली होतीस. पिंजाऱ्यांची मुलगी, घरातली पहिली मॅट्रिक होणार, कमलम्मा बाईंची अशी नक्कल करते की खुद्द बाई हसल्या, वगैरे. आता तीन ओळी. तू लपवायला लागलीस की तुझी वाक्यं आखूड होतात, हे मला वसतिगृहापासून ठाऊक आहे. काय झालं?

बिल्कीस


अहमदपूर,
३० ऑक्टोबर १९८२

प्रिय बिल्कीस,

सलाम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू नांदेडात बसून लिहितेस. इथं काय आहे ते तुला माहीत नाही. संस्थेचे सचिव रेवणसिद्ध अप्पा, अडत बाजारातलं मोठं प्रस्थ, त्यांना मी नाटक वाचून दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "पंचशीलाबाई, असे मुसलमान असतील तर आपलं काय म्हणणं हाय?" या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणं सोपं नाही. हळूहळूच जावं लागतं. चाचा जिवंत ठेवला तर नाटक मरेल, आणि चाचा मेला तर निदान नाटक तरी होईल.

(हे वाक्य मी पुन्हा वाचलं. तसंच राहू देते.)

खैरूनचं विचारलंस. सांगते.

आमच्या शाळेत दर सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचं नाटक होतं. दर वर्षी तेच. निजामाच्या पडत्या काळात रझाकार गावात शिरतात, घरं जाळतात, बाईला फरफटवतात, मग सैन्य येतं, झेंडा लागतो. मुलींची शाळा, त्यामुळं रझाकारही मुलगीच होते. आणि तो रझाकार शाळेत असलेल्या मुसलमान मुलीनं करायचा अशी पद्धत आहे. का, तर तिचं उर्दू साफ असतं. कुणी वाईट मनानं ठरवलेलं नाही, असंच चालत आलंय. यंदा बसवलं मी. खैरूनला दाढी मी चिकटवली, आरशात दाखवली. ती म्हणाली, "बाई, ही खाजवती." मी म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

तिनं काम इतकं जोरात केलं की पटांगण गप्प झालं. मग पुढं बसलेल्या केवळाबाई उठल्या. त्यांच्या नवऱ्याला रझाकारांनी घरासमोर मारलं होतं, अठ्ठेचाळीस साली, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. म्हातारीनं खैरूनकडं बोट करून अशी किंकाळी फोडली की मुली रडायला लागल्या. नाटक तिथंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत कुणी तरी म्हणालं, रझाकार आली, हंडे सांभाळा. त्या दिवसापासून तिचं नावच ते पडलं. लहान पोरं म्हणतात, बाया म्हणतात, हसत म्हणतात. आठवड्याभरात ती शाळेत यायची बंद झाली. आता पाझर तलावाच्या कामावर माती वाहते. तीस नोव्हेंबरला दहावीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. फॉर्म राहिला तर तिची मॅट्रिक राहिली, आणि त्या घरात पुन्हा कुणी मुलीला दहावीपर्यंत पाठवणार नाही. म्हणून मी चाचा लिहिला गं. दुसरं काय करू?

आणि ही गंमत ऐक. परवा मोहरमच्या सवाऱ्या, म्हणजे पंजे, मिरवून थंड झाल्या. केवळाबाई दर सालासारख्या मलिदा घेऊन सवारीपुढं नाक घासायला गेल्या. सवारी खैरूनच्या बापानं, दस्तगीरनं धरली होती. त्याच्या पाया पडल्या आणि येताना त्याच्या पोरीला शिवी देऊन आल्या. या गावाला काय म्हणावं ते मला कळत नाही.

पंचशीला


नांदेड,
६ नोव्हेंबर १९८२

पंचशीला,

मी सातवीत असताना रझाकार केलाय. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझंही उर्दू साफ होतं.

मला फार आनंद झाला होता. तलवार पुठ्ठ्याची होती, मी ती अशी फिरवली की हेडमास्तरांनी पाठ थोपटली. अब्बा मागच्या रांगेत होते. मधेच उठून गेले. घरी आल्यावर मला एवढंच विचारलं, "जेवलीस का?" त्यानंतर माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. का, हे मला अम्मीनं फार पुढं सांगितलं. माझे थोरले मामू अठ्ठेचाळीसच्या त्याच सप्टेंबरात, सैन्य आलं तेव्हा, गावाकडं गेले ते परत आलेच नाहीत. ते रझाकार नव्हते. शिंप्याच्या दुकानात काजं करायचे. केवळाबाईंचं दुःख खरं आहे, माझ्या अम्मीचंही खरं आहे. एकीचं दर वर्षी स्टेजवर येतं, दुसरीचं घरात जेवतानाही कुणी काढत नाही.

आता तू म्हणशील, मी काय मुद्दाम केलं? नाही केलंस. तेच तर. मुद्दाम करणाऱ्याशी मला भांडता येतं. तू, पंचू, तू! गावकुसाबाहेरच्या पोरांना गॅदरिंगमध्ये कायम डफडं वाजवायलाच उभं करतात म्हणून तू वसतिगृहात ताट आपटलं होतंस. मी पाहिलंय ते. आणि तीच तू एका पोरीला दाढी चिकटवून म्हणालीस, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तुमच्या वस्तीत जे झालं त्यानंतर तू आमच्याकडं सोळा दिवस होतीस. अम्मीनं तुला एकदाही 'बिचारी' म्हटलं नाही. मेथी निवडायला बसवलं आणि त्यात काड्या ठेवल्यास म्हणून रागावली. तू तेव्हा मला म्हणालीस की पहिल्यांदाच बरं वाटलं.

खैरूनच्या घरी जा. नाटक घेऊन जाऊ नकोस, चाचाला तर मुळीच नेऊ नकोस. नुसती जा आणि चूक झाली म्हण. तिला जे म्हणायचंय ते म्हणू दे.

बिल्कीस


अहमदपूर,
१६ नोव्हेंबर १९८२

प्रिय बिल्कीस,

गेले. काल दिवाळी होती, कामाला सुट्टी होती.

दस्तगीर घरी नव्हता. कापूस पिंजायची पिंजणी भिंतीला उभी, यंदा गाद्या-रजया कोण भरणार? खैरूनची आई मदारबी मला बघून गडबडली. घरात दोन घागरी पाणी होतं, त्यातलं घेऊन चहा केला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बाई, दुष्काळ हाय म्हणून पाव्हणा उपाशी जाईल व्हय?"

मी खैरूनला म्हटलं, माझी चूक झाली. तिच्या तळव्यांना घट्टे पडलेत. मग मला राहवलं नाही, तुझं न ऐकता मी चाचाचं काढलंच. म्हटलं, यंदा वेगळं नाटक आहे, त्यात मुसलमान फार चांगला आहे, तू कर.

ती म्हणाली, "बाई, आधी वाईट मुसलमान केलं. आता चांगला मुसलमान करा म्हणता. मला त्यातलं काहीच न्हाई करायचं."

"मग काय करायचंय?"

"पाटलीण."

मला कळेना. "कोण पाटलीण?"

"टँकरपाशी येती ती. एक माणूस अन् चार हंडे. माझा नंबर पयला, म्हणती, माझ्या सासऱ्यानं आणला टँकर." आणि बिल्कीस, तिनं उठून ओढणीचा पदर केला, कमरेवर हात ठेवला आणि ती बाईच उभी केली. चालणं, नाक मुरडणं, दुसऱ्याची घागर पायानं सरकवणं, सगळं. मदारबीला हसता हसता ठसका लागला. मी इतकी हसले की रडायला आलं. शाळेत दाढीखाली मी हे झाकून टाकलं होतं.

तर चाचा गेला. नवं नाटक आम्ही मुलींनीच रचलंय, नाव 'टँकर'. गावातल्या आठ बाया, एक रांग, टँकर येईपर्यंतची भांडणं. कुणी मरत नाही. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या, म्हणजे कोण कुठल्या घरची याचा संबंधच नको. खैरूननं पाटलिणीच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवला होता. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रेवणसिद्ध अप्पांची नात गंगम्मा, तिला रांगेत भांडणाऱ्या खाजामियाच्या बायकोची चिठ्ठी आली. ती खैरूनला म्हणते, "मला तुमच्यातलं भांडायला शिकव की." दोघी रोज पाच वाजता, खैरून कामावरून आली की, शाळेच्या व्हरांड्यात एकमेकींना दख्खनी शिव्या देतात. 'रझाकार' म्हणणाऱ्यांत ही गंगम्माही होती.

पाटलीण लिंगायताची, म्हणून कपाळाला विभूती हवी. मदारबी म्हणाली, "लावू द्या की. पर धुवायला पाणी तुमच्या शाळंनं द्यावं."

फार दिवसांनी बरं वाटतंय.

तुझी,
पंचशीला


नांदेड,
२१ नोव्हेंबर १९८२

पंचू,

जय भीम आणि शाबास.

सोबत भांडणाची दोन पानं आहेत. यातली निम्मी वाक्यं अम्मीची आहेत, तिला मानधन म्हणून लातूरहून पेढे आण. गंगम्माला सांग, 'नक्को' म्हणताना मान अशी झटकायची की समोरच्याला वारा लागला पाहिजे.

पण तुझ्या अख्ख्या पत्रात फॉर्मचा एक शब्द नाही. आज एकवीस तारीख आहे. नाटक जानेवारीत आहे, फॉर्म नऊ दिवसांवर. आधी सही घे. तुला नाटक चढलं की तू चुलीवरचं दूधही विसरतेस.

बिल्कीस


अहमदपूर,
२६ नोव्हेंबर १९८२

बिल्कीस,

हे पत्र पोस्टानं पोचणार नाही म्हणून सकाळच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतेय. उत्तर त्याच्याचजवळ दे, तो संध्याकाळी परततो.

तू बरोबर होतीस, मी फॉर्म विसरले नव्हते पण उद्या-उद्या करत राहिले. आणि मधेच हे झालं. गंगम्मा घरी जेवताना संवाद घोकत होती. आजीनं भाकरी वाढली तर ही मान झटकून म्हणाली, "नक्को!" अप्पा पुढं बसले होते. त्यांनी खोदून खोदून सगळं विचारलं आणि काल शाळेत आले. मला बसायलाही सांगितलं नाही. "माझी नात मुसलमानीण आन् पिंजाऱ्याची पोर इभूत लावून पाटलीण? ही शाळा हाय का तमाशा?" मी म्हटलं, अप्पा, चाचाच्या वेळी तुम्ही रडला होता. म्हणाले, "तो मेला व्हता, बाई." शपथेवर सांगते, हे त्यांनी असंच म्हटलं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

ते गेल्यावर कमलम्मा बाईंनी मला आत बोलावलं. खैरूनची हजेरी कमी भरते. बाईंनी सही नाकारली तर कुणी त्यांना दोष देणार नाही. त्या म्हणाल्या, "पंचशीलाबाई, मला रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत. मी वाईट बाई न्हाई. हजेरीचं मी बघते, फॉर्मवर आजच्या आज सही करते. पण लातूरला चाचा जाईल, आणि ती पोरगी स्टेजवर दिसणार न्हाई." गंगम्मानं चाचा करायचा असंही ठरलंय.

मी काय करू? नकार दिला तर मुलीचं वर्ष जातं. हो म्हटलं तर पुन्हा तिला स्टेजवरून उतरवते, या खेपेला तर वाईट माणसाचं काम नसतानाही. मला राग येतोय पण कुणावर काढू ते कळत नाही. बाई चहा पाजतात आणि गळा धरतात. चार दिवस आहेत, त्यात रविवार. लवकर सांग.

पंचशीला


नांदेड,
२६ नोव्हेंबर, दुपार

पंचू,

गाडी सुटतेय, शाळेच्या फाटकात उभी राहून लिहितेय.

फॉर्म. दुसरा विचार करू नकोस. नाटकं पुष्कळ होतील, मॅट्रिक एकदाच होते. चाचाला खुशाल मरू दे. मला आत्ता किती संताप आलाय ते लिहायला वेळ नाही. सही घे, पावती घे, मग रड.

बिल्कीस


अहमदपूर,
१० जानेवारी १९८३

प्रिय बिल्कीस,

सलाम. दीड महिना लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

सत्तावीस तारखेला सही झाली. खैरूनला मी एवढंच सांगितलं की फॉर्म भरला, 'टँकर' मात्र संस्थेला पसंत पडलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून गणिताला यायला लागली. मला वाटलं, निभावलं.

परवा लातूरला स्पर्धा झाली. मंडप मोठा, कलेक्टर वेळेवर, प्यायचं पाणी दोन पिंप. आमचा दुसरा नंबर आला, शिवाय राष्ट्रीय एकात्मतेची ढाल. गंगम्मानं चाचा मनापासून केला, पोरीचा दोष नाही. चाचा मेला तेव्हा पुढच्या दोन रांगा रुमाल काढून बसल्या होत्या. पाहुणे म्हणाले, "अशा रहीमचाचांची आज देशाला गरज आहे." मला ओरडावंसं वाटलं की मग मारता कशाला. मी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी ढाल हातात घेऊन फोटो काढला. पाहुण्यांनी विचारलं, मूळ कल्पना कुणाची? सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

खैरूनला मी सोबत नेलं होतं, रंगवायला मदत म्हणून. मातीकामावर राबलेल्या पोरीनं लातूर तरी बघावं. परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली. मुली गाणी म्हणत होत्या. ही खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "बाई, गंगीनं सांगितलं मला. फारमच्या बदल्यात नाटक दिलं म्हणून."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच.

"रझाकार करताना इचारलं न्हाई. फारम भरताना बी इचारलं न्हाई."

मी म्हटलं, वेळ नव्हता गं, चारच दिवस होते.

"चार दिवस लई असतेत, बाई. मी काय लांब व्हते? रोज पाच वाजेपर्यंत तळ्यावरच व्हते की." मग म्हणाली, "नांदेडच्या बाईला इचारलं व्हतं?"

मी हो म्हटलं, कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवून.

"त्यांनी काय सांगितलं?"

"फॉर्म घे म्हणाल्या."

"म्हंजी तुमी तिकडं इचारलं, कंडक्टरच्या हाती चिठ्ठी धाडून. अन् माझा नंबरच न्हाई."

बिल्कीस, मला अप्पांचा राग आला होता, बाईंचा आला होता, केवळाबाईंचा, पाहुण्यांचा. त्या गाडीत मला पहिल्यांदा कळलं की यादीत आपण दोघी राहून गेलो होतो. मी म्हटलं, "उशीर झालाय, पण आता विचारते. काय म्हणाली असतीस?"

चाकूरला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतून तोंड आत घेतलं.

"फारमच म्हणले असते," ती म्हणाली. "पर मी म्हणले असते."

हे सगळं तुला लिहू का, असं मी काल तिला विचारलं. तिनं विचार केला आणि लिहा म्हणाली. परीक्षा मार्चात आहे. ती झाली की ती नांदेडला येणार आहे, तुझ्याशी भांडायला. तुझा पत्ता तिनं माझ्याकडून लिहून घेतलाय.

तुझी,
पंचशीला